यूएसबी डिस्क घरी राहिली आणि मशीन उठेना: लिनक्सवर डिस्क आणि नेटवर्क शेअर माउंट करण्याबद्दल

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला हीच अडचण आली तरी उत्तर उपयोगी पडेल. आप्पा बळवंत चौकाजवळ अक्षरजुळणीचं छोटं ऑफिस आहे. चार मशीन उबुंटूवर, जुन्या फॉन्टमधल्या फाइलींसाठी ठेवलेलं एक विंडोज, कोपऱ्यात दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारी पेटी) आणि एक जुना डेस्कटॉप, ज्याला आता सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. गुरुवारी दिवसभर वीज नव्हती. शुक्रवारी सकाळी मुख्य मशीन काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ लिहून थांबलं आणि दिवाळी अंकाची पानं आत अडकली. त्याच आठवड्यात नॅसच्या शेअरची (नेटवर्कवर वाटलेल्या फोल्डरची) ओळ एफस्टॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीच्या फाइलीत, घातली होती, म्हणून संशय नॅसवर. शिवाय तक्रारी अशा: नॅस हाताने माउंट होतो (म्हणजे त्याचं फोल्डर मशीनला जोडलं जातं) पण मशीन सुरू होताना होत नाही, झालाच तर सगळ्या फाइली रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) नावावर दिसतात आणि सेव्ह होत नाहीत, जुन्या डेस्कटॉपवरून एनएफएस पद्धतीने वाटलेल्या फोल्डरमध्ये लिहिताच येत नाही, आणि काही मराठी नावांच्या फाइली कॉपी होताना ‘नाव फार मोठं’ म्हणून अडतात.

आणि मग तुमचं शेवटचं वाक्य: ‘त्या दिवशी बॅकअपची यूएसबी डिस्क मालकांच्या घरीच राहिली होती, पण त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.’

संबंध आहे. मशीन न उठण्याशी फक्त तिचाच संबंध आहे. नॅसचा यात काही दोष नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खाली आज्ञा आणि पाथ मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे (फक्त ‘यूयूआयडी=’ मोठ्या अक्षरांत).

मशीन सुरू होताना सिस्टिमडी (सगळ्या सेवा क्रमाने उठवणारा प्रोग्राम) एफस्टॅब वाचतं आणि प्रत्येक ओळीचं एक काम बनवतं. त्यात दोन गट असतात. मशीनला जोडलेल्या डिस्क ‘स्थानिक’ गटात जातात. सीआयएफएस (विंडोज पद्धतीचे शेअर, नॅसचा तोच) आणि एनएफएस (युनिक्स पद्धतीचे) या प्रकारच्या ओळी ‘दूरच्या’ गटात. दूरच्या गटातलं काही माउंट झालं नाही, तर सिस्टिमडी लाल अक्षरांत नोंद करतं आणि पुढे जातं. स्थानिक गटातलं काही मिळालं नाही, तर मात्र त्याचा समज असा होतो की मशीनचा एखादा अवयवच गायब आहे. ते दीड मिनिट वाट बघतं (पडद्यावर तो लाल तारकांचा झोका आणि ९० सेकंदांची मोजणी तुम्ही पाहिली असेलच), आणि मग हात वर करून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. तुमच्या एफस्टॅबमध्ये यूएसबी डिस्कची ओळ साध्या ‘डिफॉल्ट्स’ पर्यायाने लिहिलेली आहे. म्हणजे तुम्ही मशीनला सांगून ठेवलंय की ही डिस्क नसेल तर उठूच नकोस. ते तसं वागलं.

मग दोन वर्षं हीच ओळ असताना काही झालं कसं नाही? कारण मशीन तुम्ही कधी पूर्ण बंदच केलं नाही, रात्री नुसतं झोपवत होतात. डिस्क काढली-लावली तरी ते आधीच उठलेलं होतं. गुरुवारी वीज गेल्यामुळे दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बूट झालं, आणि नेमकी तेव्हा डिस्क नव्हती. एफस्टॅबमधल्या चुका अशाच दबा धरून बसतात. चूक आज करायची आणि त्रास होतो थेट पुढच्या रीस्टार्टला, तोवर आपण ती ओळ घातली होती हेही विसरलेलो असतो.

आता आधी मशीन उठवू. इमर्जन्सी मोडच्या पडद्यावर रूटचा पासवर्ड मागेल किंवा नुसतं एंटर दाबा म्हणेल. आत गेल्यावर ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’ चालवा. कोणत्या माउंटवर गाडी अडली ते तिथे लाल अक्षरांत दिसेल. माझ्या शब्दावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा. मग ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’, म्हणजे मूळ डिस्कवर लिहिता येईल. ‘नॅनो /एटीसी/एफस्टॅब’ उघडा, त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका, सेव्ह करा आणि ‘रीबूट’. ओळ पुसू नका, तिच्यातला पत्ता अजून लागणार आहे. रूटचं खातं कुलूपबंद आहे असं सांगून मशीन आत घेतच नसेल, तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, आतली डिस्क माउंट करा आणि तिच्यावरची एफस्टॅब फाइल बदला. परिणाम तोच.

मशीन उठलं की यूएसबीची ओळ नीट लिहू. तुम्ही तिथे ‘/डेव्ह/एसडीबी१’ असं नाव दिलंय. हे नाव डिस्कचं नसतं. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ती कितवी सापडली, त्याचा तो क्रमांक असतो. उद्या कुणी पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं तर तीच डिस्क ‘एसडीसी१’ होईल आणि ‘एसडीबी१’ म्हणून भलतंच काही माउंट होईल. ‘एलएसबीएलके -एफ’ चालवलं की प्रत्येक विभागासमोर यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक, दिसतो. डिस्क फॉरमॅट करेपर्यंत तो बदलत नाही. तोच वापरा:

यूयूआयडी=तुमच्या-डिस्कचा-क्रमांक /एमएनटी/बॅकअप एनटीएफएस३ डिफॉल्ट्स,नोफेल ० ०

‘नोफेल’ हा एक शब्द सगळा फरक करतो. सिस्टिमडीला त्याचा अर्थ असा कळतो की असली तर जोड, नसली तर थांबू नकोस. शेवटच्या दोन आकड्यांपैकी पहिला ‘डंप’ नावाच्या जुन्या बॅकअप साधनासाठी, तो शून्यच ठेवायचा. दुसरा बूट होताना डिस्क तपासण्याचा क्रम: मूळ डिस्कला १, आतल्या इतर ईएक्सटी४ (लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीच्या) डिस्कना २, बाहेरच्या एनटीएफएसला (विंडोजच्या मांडणीला) आणि नेटवर्क शेअरना ०.

डिस्क एनटीएफएस असणार असं मी धरलंय, कारण मालक ती घरी विंडोज लॅपटॉपला लावतात असं तुम्हीच लिहिलंय. तिथे एक गंमत होते. तिकडे ‘सुरक्षितपणे काढा’ न करता डिस्क उपटली, की विंडोज तिच्यावर ‘अपुरं काम’ अशी खूण ठेवून देतं, आणि मग लिनक्सचा एनटीएफएस३ ड्रायव्हर ती माउंट करायला सरळ नकार देतो. हा ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१५ कर्नलपासून आला, आणि खूण असलेल्या डिस्कच्या बाबतीत तो जरा कडक आहे. तोंडावर ‘फोर्स’ पर्याय मारून पुढे जाता येतं, पण बॅकअपच्या डिस्कवर मी ते कधीच करणार नाही. ती विंडोजला परत लावा, तपासणी करू द्या, नीट काढा, मग इकडे आणा.

आता नोफेलने एक दुखणं जातं आणि दुसरं येतं. त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ते मी स्वतः भोगलंय.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचं काम माझ्याकडे होतं. रात्री दोनला आरसिंक (फाइली कॉपी करणारं साधन) चालायचं आणि डिझाइनच्या फाइली ‘/एमएनटी/बॅकअप’मध्ये उतरवायचं. ओळीत नोफेल मीच घातलं होतं, आणि त्याचा अभिमानही होता. एकदा डिस्कची केबल सैल झाली. मशीन रीस्टार्ट झालं, डिस्क नव्हती, नोफेलमुळे कुणाला काही कळलं नाही. रात्री आरसिंक आलं. त्याच्या दृष्टीने ‘/एमएनटी/बॅकअप’ हे एक फोल्डर, आणि ते तर तिथे होतंच! रिकामं होतं एवढंच. त्याने इमानेइतबारे सगळा बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच ओतला. असं काही रात्री चाललं. शेवटी मूळ डिस्क गच्च भरली आणि सकाळी लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड बरोबर देऊनही मशीन पुन्हा लॉगिनवरच यायला लागलं. मी गेलो, केबल दिसली, दाबली, डिस्क जोडली आणि स्वतःसाठी आणखी गोंधळ करून ठेवला. कारण डिस्क त्या फोल्डरवर माउंट झाली की खाली ओतलेला माल झाकला जातो. ‘डीएफ’ (डिस्क किती भरली ते सांगणारा) सांगतोय मूळ डिस्क शंभर टक्के भरली, ‘डीयू’ (फाइलींची बेरीज करणारा) सांगतोय एवढ्या फाइली कुठेच नाहीत. दुपारचे तीन वाजले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ‘माउंट --बाइंड / /एमएनटी/तळ’ केलं, की मूळ डिस्क तिच्यावरच्या माउंटशिवाय, उघडी दिसते. ‘/एमएनटी/तळ/एमएनटी/बॅकअप’मध्ये सगळा चोरीचा माल सापडला.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी करतो आणि तुम्हीही आजच करा. पहिली: डिस्क माउंट नसताना, फोल्डर रिकामं असताना, ‘सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/बॅकअप’. (‘सुडो’ म्हणजे आज्ञा रूटच्या अधिकाराने चालव.) यामुळे त्या रिकाम्या फोल्डरला जणू सील लागतं, रूटलाही त्यात फाइल करता येत नाही. वर डिस्क माउंट व्हायला मात्र काही अडचण येत नाही, आणि माउंट झाल्यावर लिहिणं नेहमीसारखं चालतं. दुसरी: बॅकअपच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप’ तपासा, आणि उत्तर नाही आलं तर तिथेच बाहेर पडा, ओरडून. गुपचूप बाहेर पडणारी स्क्रिप्ट ही न चालणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा वाईट.

आता नॅसकडे. हाताने माउंट होतो आणि बूटला होत नाही, याचं तुमच्या ऑफिसातलं कारण बहुधा अगदी साधं आहे: वीज आली की सगळी यंत्रं एकदम सुरू होतात. एसएसडीवालं मशीन अर्ध्या मिनिटात तयार होतं, नॅस त्याच्या डिस्क फिरवून सेवा सुरू करेपर्यंत चहा होतो. मशीनने दार ठोठावलं तेव्हा नॅस झोपेत होता, आणि सिस्टिमडी ते दार पुन्हा ठोठावत नाही. चारपैकी जी मशीन वायफायवर आहेत त्यांचं आणखी एक कारण असतं. वायफायचा पासवर्ड एखाद्या वापरकर्त्याच्या खात्यात जतन केलेला असेल, तर लॉगिन होईपर्यंत नेटवर्कच नसतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘सर्व वापरकर्त्यांना उपलब्ध’ अशी खूण असते, ती करा. शक्य असेल तर केबलच ओढा. अडीचशे एमबीची पानं वायफायवरून उघडण्यात काय सुख आहे!

यावर लोक बूट लांबवायचे, स्क्रिप्टमध्ये तीस सेकंद झोपायचे वगैरे उपाय सांगतात. मी सांगेन, बूटच्या वेळी माउंट करूच नका. कुणी फोल्डर उघडेल तेव्हा आपोआप होऊ द्या:

//१९२.१६८.१.२०/कामे /एमएनटी/कामे सीआयएफएस क्रेडेन्शियल्स=/एटीसी/नॅस.क्रेड,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,फाइल_मोड=०६६४,डिर_मोड=०७७५,आयओकॅरसेट=यूटीएफ८,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टिमडी.माउंट-टाइमआउट=१५ ० ०

स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. जागा म्हणजे पुढचा रकाना सुरू. शेअरच्या नावातच जागा असेल तर तिच्याऐवजी उलटी तिरकी रेघ आणि ०४० लिहायचं. ऑटोमाउंटमुळे बूट होताना मशीन फक्त एक पहारेकरी बसवतं. पहिल्यांदा कुणी आत डोकावलं की तो नॅसकडे धावतो. तोवर नॅस उठलेला असतो. नसेल, तर पंधरा सेकंदांत चूक दाखवतो आणि पुढच्या वेळी उघडलं की पुन्हा प्रयत्न करतो. ऑटोएफएस नावाचं जुनं, जास्त ताकदीचं साधनही आहे. पन्नास माणसांची होम फोल्डरं सर्व्हरवर असतील तर ते शिका, पाच मशीनना गरज नाही.

पत्ता आयपीने दिलाय, तर राउटरमध्ये तो नॅससाठी राखून ठेवा. वीज गेल्यावर राउटरही नव्याने उठतो, आणि कालचा २० आज २३ झाला तर इकडे सगळं बरोबर असून काहीच चालणार नाही.

पासवर्ड तुम्ही थेट एफस्टॅबमध्ये लिहिलाय. ती फाइल मशीनवरचा कुणीही वाचू शकतो, आणि मला पाठवलेल्या प्रश्नात ती तशीच चिकटवली आहे, म्हणजे आता मीही वाचलाय. तो आज बदला. ‘/एटीसी/नॅस.क्रेड’ या फाइलीत दोन ओळी: ‘यूजरनेम=’ आणि ‘पासवर्ड=’, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता. मग त्या फाइलीवर ‘सुडो सीएचमॉड ६००’, म्हणजे ती फक्त रूटला वाचता येईल. पासवर्डात स्वल्पविराम असला तर एफस्टॅबच्या ओळीत तो पर्याय तोडतो, वेगळ्या फाइलीत मात्र चालतो. या एका कारणासाठीसुद्धा वेगळी फाइल बरी.

फाइली रूटच्या नावावर दिसण्याचं कोडं ‘यूआयडी’ (वापरकर्त्याचा क्रमांक) आणि ‘जीआयडी’ (गटाचा क्रमांक) यांनी सुटतं. विंडोज पद्धतीच्या शेअरवर लिनक्सला मालक कळत नाही, म्हणून माउंट करणाऱ्याचं, म्हणजे रूटचं नाव लागतं. तुमचा क्रमांक ‘आयडी’ ही आज्ञा दाखवेल. उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा १००० असतो. तुम्ही मालक आणि परवानग्या बदलणारे सीएचओन आणि सीएचमॉड चालवून पाहिलंत आणि काहीच बदललं नाही, ते स्वाभाविक आहे. इकडे दिसणारे मालक आणि परवानग्या हा नुसता मुखवटा. खरं लिहिता येणार की नाही ते नॅस ठरवतो, तुम्ही ज्या नावाने त्याच्याकडे लॉगिन केलंत त्यावरून. म्हणून यूआयडी बरोबर देऊनही सेव्ह होत नसेल, तर नॅसच्या पानावर जाऊन त्या वापरकर्त्याला ‘कामे’वर लिहायची परवानगी आहे का ते बघा.

चुकांचे क्रमांक लक्षात ठेवले तर वेळ वाचतो. १३ म्हणजे नाव, पासवर्ड किंवा परवानगी. २ म्हणजे शेअरचं नाव चुकलं. ‘चुकीचा फाइल सिस्टिम प्रकार’ असं भलंमोठं वाक्य आलं तर बहुतेक वेळा सीआयएफएस-यूटिल्स हे पॅकेजच टाकलेलं नसतं. आणि ११२, ‘होस्ट बंद आहे’, हा सगळ्यात फसवा: पिंगला नॅस उत्तर देत असतो आणि माउंट म्हणतं तो बंद आहे. याचा अर्थ अनेकदा असा, की समोरचं यंत्र फक्त एसएमबीची (विंडोज पद्धतीच्या शेअरच्या भाषेची) पहिली आवृत्ती बोलतं. २०१७ मध्ये ४.१३ कर्नलपासून लिनक्सने ती आपणहून वापरणं सोडलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला होता. ‘व्हर्स=१.०’ लिहिलं की माउंट होईल, इंटरनेटवर हेच उत्तर सगळीकडे मिळेल, आणि मी ते कुणाला देत नाही. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ सुरू करण्याची सोय असते, ती करा. नसेलच, तर त्या नॅसचं वय झालंय.

(जाता जाता: नॅसच्या पोटात बहुधा सांबा, म्हणजे एसएमबी बोलणारा प्रोग्राम, चालतो. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी तो १९९२ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणला. आधीचं नाव ट्रेडमार्कमुळे सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी मशीनवरच्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारे शब्द शोधले, आणि त्यात हा नाचाचा शब्द निघाला.)

एनएफएसची तुमची तक्रार वाचून मी आधी हसलो आणि मग घाबरलो. सर्व्हरवरच्या ‘/एटीसी/एक्सपोर्ट्स’ फाइलीतली तुमची ओळ अशी आहे:

/एसआरव्ही/जुनी-कामे १९२.१६८.१.०/२४ (आरडब्ल्यू,सिंक)

कंसाच्या आधीची ती एक जागा बघा. तिने ओळीचे दोन तुकडे केले. पहिला: ऑफिसच्या नेटवर्कला हे फोल्डर द्या, पर्याय काही सांगितलेले नाहीत, म्हणजे फक्त वाचायला. दुसरा: कंस एकटाच उभा, त्याला मालक नाही, म्हणजे उरलेल्या सगळ्या जगाला लिहायच्या परवानगीसह द्या. तुमच्या माणसांना लिहिता येत नाही, आणि जो तुमचा नाही त्याला येतं. राउटर मध्ये आहे म्हणून निभावलं. जागा काढा, कंस चिकटवा, ‘सुडो एक्सपोर्टएफएस -आरए’ चालवा आणि मग ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ने कुणाला काय मिळालंय ते वाचा. तशी ही आज्ञा पहिल्या वेळीही ‘पर्याय दिलेले नाहीत’ म्हणून कुरकुरली असणार. पण ती कुरकुर वाचतं कोण?

त्यानंतरही ‘परवानगी नाही’ आलं, तर गाडी वापरकर्त्यांच्या क्रमांकांवर अडली आहे. एनएफएस हा सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये काढलेला, युनिक्सच्या यंत्रांनी एकमेकांवर विश्वास ठेवायच्या काळातला. नेहमीच्या मांडणीत तो नाव, पासवर्ड काही विचारत नाही. फक्त क्रमांक बघतो. तुमच्या मशीनवर १००१ म्हणजे मुद्रितशोधन करणाऱ्या ताई, आणि सर्व्हरवर १००१ म्हणजे कधीच सोडून गेलेला मुलगा, तर ताईंच्या सगळ्या फाइली त्या मुलाच्या नावावर जातात. पाचही यंत्रांवर प्रत्येकाचा क्रमांक एकच ठेवा. रूटचं वेगळंच: तिकडचा रूट इकडे ‘नोबडी’ होतो, मुद्दाम. रूट म्हणूनही लिहिता येत नाही अशी तक्रार असेल, तर ती तक्रार नाही, संरक्षण आहे. ते बंद करणारा ‘नो_रूट_स्क्वॉश’ पर्याय लावू नका.

एफस्टॅबमधल्या एनएफएसच्या ओळीत तुम्ही ‘सॉफ्ट’ही घातलंय, सर्व्हर बंद असला की मशीन लटकतं म्हणून. लटकण्याचा वैताग मला कळतो. पण ‘हार्ड’, जे काही न लिहिता मिळतं, ते सर्व्हर परत येईपर्यंत थांबतं आणि लिहिणं पूर्ण करतं. ‘सॉफ्ट’ ठरावीक वेळाने हरतं आणि प्रोग्रामला चूक कळवतं. प्रोग्रामने तिच्याकडे नीट लक्ष दिलं नाही तर अर्धवट फाइल तशीच राहते, आणि बाहेरून ती धडधाकट दिसते. मुखपृष्ठाची फाइल छपाईला गेल्यावर खाली काळा पट्टा निघाला तर कुणाला विचाराल? जिथे लिहिता तिथे हार्ड. नुसत्या वाचायच्या, फॉन्टसारख्या फोल्डरला सॉफ्ट चालेल. आणि लटकलंच, तर ‘डीएफ’ चालवू नका, तो प्रत्येक माउंटची विचारपूस करतो आणि त्या बंद दाराशी स्वतःही अडकतो. ‘फाइंडएमएनटी’ फक्त कर्नलची यादी वाचतो, तो अडकत नाही. मग ‘सुडो यूमाउंट -एल’ आणि तो पाथ. झाड लगेच तोडलं जातं, मुळं सवडीने सुटतात.

मोठ्या नावांचं राहिलं, आणि हे दुखणं खास आपलं आहे. ईएक्सटी४ वर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, नॅसवर बीटीआरएफएस ही मांडणी असली तरी तीच. विंडोजच्या एनटीएफएसवर ती २५५ एककांची आहे आणि तिथे देवनागरीचं एक चिन्ह एका एककात बसतं. लिनक्स वापरतं त्या यूटीएफ-८ मध्ये मात्र तेच चिन्ह ३ बाइट खातं. शिवाय काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. ‘मुखपृष्ठ’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा. आत म, उकार, ख, प, ऋकार, ष, हलंत, ठ अशी ८ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपवायचं, त्यात लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव आणि ‘अंतिम दुरुस्त नवीन २’ हे बसत नाही. विंडोजवर बसलेलं नाव नॅसवर अडतं ते यामुळे. कुठलाही माउंट पर्याय हे बदलत नाही. फोल्डरला नाव द्या, फाइलीचं आखूड ठेवा.

त्यातच आणखी एक चकवा. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: थेट ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलंत देऊन त्यामागे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. ‘फाइल समोर दिसतेय आणि शोधली की सापडत नाही’ हे जे तुम्ही ओझरतं लिहिलंय, ते मला यातलंच वाटतं. सगळ्यांच्या मशीनवर एकच कीबोर्ड मांडणी लावा.

बदल करून झाले की रीस्टार्ट करायची घाई नको. ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा, तो एफस्टॅबमधल्या टंकलेखनाच्या चुका, नसलेली फोल्डरं वगैरे दाखवतो. मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’, नाहीतर सिस्टिमडी जुनीच ओळ धरून बसतं. मग ‘सुडो माउंट -ए’. तिन्ही शांतपणे पार पडलं तर आजच्या आज, काम संपल्यावर, यूएसबी डिस्क काढून, नॅसचं बटण बंद करून मशीन रीस्टार्ट करा आणि समोर बसून बघा. दीड मिनिटाची मोजणी न दिसता लॉगिन यायला हवं. मग नॅस सुरू करा, दोन मिनिटं थांबा, ‘कामे’ उघडा.

मालकांनी डिस्क रोज घरी न्यायची सवय मात्र मोडू नका, ती योग्य आहे. आणि तरीही कुठे अडलं, तर ‘फाइंडएमएनटी’चं पूर्ण उत्तर आणि ‘जर्नलसीटीएल -बी’मधल्या त्या माउंटच्या ओळी पाठवा. या वेळी पासवर्ड खोडून.